हात न टेकवता

"बस," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्यांचे भाऊ बसले होते. ते डॉक्टर. चहात बिस्कीट बुडवून खात होते. दुसरी खुर्ची रिकामी होती. मी ती ओढली.

"खुर्चीवर नाही. खाली. मांडी घालून."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. भाजी निवडताना माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

मी टेबलाची कड धरली. अर्धी वाकले, उरलेली पडले. फरशी नुकतीच पुसलेली होती. फिनेलचा वास नाकात गेला.

"आता ऊठ. हात न टेकवता."

मी प्रयत्न केला. मांड्यांमध्ये जोर नव्हता, पिळून ठेवलेल्या धुण्यासारख्या त्या नुसत्या पडून होत्या. गुडघ्यात आत कुठेतरी चाकूचं टोक फिरल्यासारखं झालं. मी थोडी वर आले आणि कुशीवर कलंडले. साडी गुडघ्याच्या वर गेली. आधी ती ओढली. मग हात टेकवला.

"हात," मॅडम म्हणाल्या.

मी हात उचलला.

डॉक्टरांनी खुर्चीतूनच वाकून माझा गुडघा बघितला. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा भुगा लागला होता. ते बहिणीला इंग्रजीत म्हणाले, सूज नाही, लाली नाही, लग्न व्हायचंय ना हिचं अजून, मग हे सगळं डोक्यातलं आहे. मला कळू नये म्हणून इंग्रजीत. मी मॅडमच्याच शाळेत शिशुवर्गापासून इंग्रजीत शिकले होते. त्याच शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवत होते.

त्या खोलीत आणखी एक बाई होती. टेबलाच्या पलीकडे उकिडवी बसून ती मॅडमच्या गुडघ्यांना गंधपुऱ्याचं तेल चोळत होती. मॅडमना संधिवात होता. रोज मोठ्या सुट्टीत त्यांचे पाय एका मऊ गादीच्या स्टुलावर ठेवले जात आणि हे तेल चाले. त्या उग्र वासाने ऑफिस भरून जाई.

ती बाई माझी आई.

मी कलंडले तेव्हा आईचा हात थांबला. मॅडमनी खाली न बघता गुडघा जरासा पुढे केला. हात पुन्हा चालू झाला.

आणि मी फरशीवरून, कुशीवर पडल्या पडल्या, म्हणाले, "सॉरी, मॅडम."

या गोष्टीला चार वर्षं झाली. त्या खोलीतल्या सगळ्याची मला अजून किळस येते. बिस्किटाच्या भुग्याची, तेलाच्या वासाची, त्या भाजी निवडणाऱ्या चेहऱ्याची. पण सगळ्यांत जास्त किळस येते ती माझ्या तोंडून निघालेल्या त्या दोन शब्दांची. कोणी मागितले नव्हते. मी आपणहून दिले.

माझं मागणं काय होतं ते सांगते. एक खुर्ची.

त्या वर्षी गणपतीनंतर भांडुपच्या आमच्या चाळीत तापाची साथ आली. टेकडीवरची चाळ. घराला घर चिकटलेलं. एका घरात शिरला की ताप भिंतीतूनच पुढे जाई. मला पाच दिवस होता. डोळे लाल, अंग तव्यासारखं. सहाव्या दिवशी उतरला. सगळे म्हणाले, सुटलीस.

सुटले नव्हते. ताप गेला आणि मग खरं दुखणं आलं. सकाळी उठले की बोटं मिटत नसत. मूठ म्हणून वळायचीच नाही. नळ फिरवता येत नसे, वेणी घालता येत नसे. टेकडीच्या पायऱ्या मी खेकड्यासारखी आडवी उतरायची. दिवस वर आला की सांधे थोडे मोकळे व्हायचे, मग मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागायच्या, आणि दुपारी पाय आपले आहेत की नाहीत हेच कळेनासं व्हायचं. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडायचा. मुलं हसायची. मीही हसायची, म्हणजे मुद्दाम पाडला असं वाटावं.

पालिकेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली, हळू, बांगड्या भरताना कासार दाबतो तशी. म्हणाल्या, "वायरल जातो, पण जाताना मागे काय काय ठेवून जातो. काहींचं महिन्यात बरं होतं, काहींना सहा महिने, वर्षही लागतं. जास्त वेळ उभं राहू नका. जिने कमी करा."

मी म्हटलं, "सूज तर नाहीये."

"दुखतंय ना?"

"हो."

"मग दुखतंय." त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं.

आता आमच्या शाळेची रीत. वर्गात शिक्षिकेला खुर्ची नसे. टेबल असे, पण खुर्ची नाही. मोठ्या मॅडमच्या सासऱ्यांनी शाळा काढली तेव्हापासून. 'खुर्ची दिली की मिस झोपते,' असं ते म्हणत, आणि मॅडम ते वाक्य पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पाच तास उभं राहून शिकवायचं. तिसरीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मी अर्ज लिहिला. स्वच्छ, तिरप्या अक्षरात, उत्तम इंग्रजीत. काही आठवडे वर्गात बसायची परवानगी मिळावी. सोबत केसपेपर जोडला. अर्जात चार वेळा 'काइंडली' होतं. मी मोजले नव्हते, पुढे मॅडमनीच मोजून दाखवले.

त्या दिवशी ऑफिसात त्यांनी केसपेपर दोन बोटांत धरला होता, ओला रुमाल धरतात तसा. "हे दवाखानेवाले काय, मागेल त्याला लिहून देतात." मग भावाकडे वळून, पण मला ऐकू येईल असं मराठीत, "ह्या लोकांची हाडं मुळात काटक असतात रे. कोकणातली माणसं. मावशीला बघ ना, दिवसभर उठबस करते, हूं की चूं नाही. ही चार पुस्तकं शिकली, म्हणून आता हिला आमच्यासारखे सांधे हवेत."

आमच्यासारखे सांधे.

आता मावशीचं. आई त्या शाळेत आया होती. मी साडेतीन वर्षांची असताना मॅडमनी मला शिशुवर्गात फुकट घेतलं. अट एकच. शाळेच्या आवारात आईला आई म्हणायचं नाही. 'इथे त्या मावशी. सगळ्यांच्या मावशी. बाकीच्या मुलांचा गोंधळ नको व्हायला.' मी हुशार मुलगी होते. एकदाच सांगावं लागलं. फाटकापाशी मी आईचं बोट सोडायची आणि आत जाऊन आईला "मावशी, पाणी" म्हणायची. पहिलीत एकदा मला उलटी झाली. आई ती पुसत होती, तेव्हा मी तिला "थँक यू, मावशी" म्हटलं. वर्गशिक्षिकेने माझं कौतुक केलं. किती मॅनर्स आहेत.

मी शिक्षिका झाले आणि आई मला "मिस" म्हणू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. "मिस, मॅडमनी बोलावलंय." "मिस, खडू संपलेत का?" मॅडम बाकीच्या शिक्षिकांना 'तुम्ही' म्हणत, मला 'तू'. मला ते प्रेमाचं वाटे. खरंच वाटे.

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गिरणी बंद पडून तेव्हा बरेच दिवस झाले होते. दादा दारात बसून पेपर वाचत, मग तोच पेपर पुन्हा वाचत. घर आईवर आणि माझ्यावर. दिवाळीनंतर मी शाळेत कायम होणार होते. तेवढ्या एका कागदाकडे आम्ही तिघं डोळे लावून बसलो होतो.

आणि त्याच्याआधी मॅडमना माझ्याकडून दुसरा कागद हवा होता. मी फरशीवरून कशीबशी उठल्यावर त्या म्हणाल्या, "खुर्चीचं विसर. उद्या मला माफीचं पत्र आणून दे, सही करून. फाइलला लागेल. मग कायम करायचं बघू."

शिक्षकांच्या खोलीत नलिनी मिस भेटली. माझ्याच वयाची, चौथीला शिकवायची. मी तिला सगळं नाही सांगितलं. मी कोणालाच सगळं सांगत नसे. फक्त पत्राचं सांगितलं.

"अगं, मग लिही ना दोन ओळी, यार," ती डबा उघडत म्हणाली. "आपलं काय जातंय? कायम झालीस की दाखव तिला ठेंगा. मागच्या वर्षी मला नाही लिहायला लावलं, जोरात हसले म्हणून? लिहिलं. अजून हसते." आणि ती खरंच हसली, पण दाराकडे बघून, हळू.

संध्याकाळी घरी मी पत्र लिहायला बसले. बोटं पेनाभोवती नीट वळत नव्हती. चार ओळींना अर्धा तास लागला. आई कोपऱ्यात बोंबील साफ करत होती. शाळेतल्या त्या दुपारबद्दल आम्ही बसस्टॉपपासून घरापर्यंत एक अक्षर बोललो नव्हतो.

"काय लिवतंस?" तिने विचारलं.

"पत्र. मॅडमनी मागितलंय."

"लिवन टाक काय ता. कागद तो कागद." मग थोड्या वेळाने, "वाचून दाखव गो. मराठीत सांग."

मी सांगितलं. माझ्या आजाराबद्दल मी अतिशयोक्ती केली. त्यामुळे शाळेचा वेळ गेला. पुन्हा असं होणार नाही. शाळेचे माझ्या कुटुंबावर उपकार आहेत.

"अतिशयोक्ती म्हणजे?"

"म्हणजे... होतं त्यापेक्षा वाढवून सांगितलं."

"इंग्लिशमदे काय लिवलंस?"

"एक्झॅजरेट."

आईने सुरी खाली ठेवली. "ह्योच ना तो शब्द?"

"कुठला?"

"तू माका म्हणालंस तो."

मला आठवेना. आईला आठवत होतं. त्या तापात ती पण होती. हे मला ठाऊक होतं आणि नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली होती, म्हणून मी समजले की तिचा ताप साधा असणार. नंतर एकदा सकाळी ती चौकटीला धरून उठत होती आणि कण्हत होती. मी तेव्हा वह्या तपासत होते. वर न बघता मी म्हणाले होते, 'आई, एक्झॅजरेट करू नको.'

"माका तो शब्द कळाक नाय," आई म्हणाली. "पण तुझ्या तोंडाकडे बघून कळला."



"मॅडमची ढोपरां दुखतत, ता खरा. तुझी दुखतत, ता नाटक. आणि माझी तर दुखूचीच नायत." तिने आपली बोटं माझ्यापुढे धरली, माशाच्या पाण्याने ओली. मिटून दाखवायला लागली. अर्ध्यावर थांबली. तीच बोटं, ती माझीच होती. अर्ध्यावर अडणारी. त्याच बोटांनी ती दुपारी तेल चोळत होती. सगळी शाळा पुसत होती. मी वह्यांतून मान वर काढली नव्हती.

भाजी निवडणारा तो चेहरा माझाही होता.  मॅडमनी मला इंग्रजी शिकवलं, मॅनर्स शिकवले आणि हेही शिकवलं. कोणाचं दुखणं खरं आणि कोणाचं नाही. मी सगळ्यात पहिला नंबर काढणारी मुलगी. हाही धडा पाठ.

"खुर्ची मागलंस ता बरा केलंस," आई म्हणाली. "माफी कित्याक मागतंस?"

"सही नाही केली तर नोकरी जाईल. तुझीही."

आईने सुरी पुन्हा उचलली. एक बोंबील साफ केला, दुसरा घेतला. दारात दादांनी पेपर उलटला. मला वाटलं, ती आता म्हणेल, कर सही.

"जातली," ती म्हणाली. "ता तुझा तू ठरव. पण माझ्या नावान सही करू नको."

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत मी ऑफिसात गेले. जिना एकेक पायरी करून उतरले. मॅडमचे पाय स्टुलावर होते. तेलाची बाटली टेबलावर. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"सही कुठाय?"

"करणार नाही."

माझा आवाज फार लहान निघाला. मी भित्री आहे. तेव्हाही होते. 

"काय म्हणालीस?"

"मी वाढवून सांगितलं नव्हतं. कमी सांगितलं होतं. मला वर्गात खुर्ची पाहिजे."

मॅडमनी चष्मा काढला. "आम्ही घेतलं नसतं ना तुला, तर आज तू भांडुपच्या नळावर भांडत असतीस."

भांडुपच्या नळावर मी रोज सकाळी असायची. मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटे, त्यांनी मला तिथून उचललं आहे.

"मावशी," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. आई दारात उभी होती. "समजवा हिला. आणि तेल घ्या, उशीर होतोय."

आई जागची हलली नाही.

"मावशी!"

"आज माझे गुडघे दुखतात, मॅडम," आई म्हणाली. शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द नीट ठेवून. "उकिडवं बसायला नाही जमायचं."

मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ते गादीचं स्टूल बोललं. मग त्या हसल्या. "वा! आज हिलापण सांधे आले. साथच आलीय म्हणायची."

"हो," आई म्हणाली. "गणपतीनंतरच आलेली."

मॅडम हसायच्या थांबल्या. टेबलावरच्या बाटलीकडे त्यांनी हात नेला, मग मागे घेतला. त्यांचे दोन्ही पाय तसेच स्टुलावर, उघडे, गोरे, तेलाची वाट बघत. मला त्या पायांची दया यायला हवी होती. त्यांचंही दुखत होतं, खोटं नव्हतं. दया आली नाही. किळस आली. ती मी लपवलीही नाही.

"आई, चल," मी म्हणाले.

त्या इमारतीत तो शब्द मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारला. मोठ्याने उच्चारला. ऑफिसातल्या क्लार्कने मान वर केली. बाहेर माझ्या वर्गातली एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "मिस, मावशी तुमची आई आहे?"

"हो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

 

आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. दोघी सारख्याच, पाय फेंगडे टाकत. बघणाऱ्याला हसू आलं असतं. आलंही असेल.

दोघींची कामं गेली. याला गोड शेवट नाही. दिवाळी कोरडी गेली. आई मुलुंडला दोन घरची धुणीभांडी करते, अजूनही. मी चाळीत शिकवण्या घेते. माझं दुखणं आठ-नऊ महिन्यांनी हळूहळू गेलं, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या तसं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र थंडीत सकाळी अजून अडतात. आईचं गेलं नाही. तिला बसून राहायला मिळालं नाही, म्हणून गेलं नसेल. की वयाचं आहे? मला सांगता येत नाही. मी आता तिला रोज विचारते. ती कधी सांगते, कधी म्हणते, "गप, काम कर."

मागच्या वर्षी नलिनी मिस निरोप घेऊन आली. मॅडम म्हणतात, झालं गेलं विसर, इंग्रजीला चांगली मिस मिळत नाहीये, दोन ओळी लिहून दे आणि ये. "वर्गात खुर्ची पण देतील म्हणे तुला. स्पेशल," नलिनी म्हणाली.

"फक्त मला?"

"मग काय सगळ्यांना? वेडी आहेस का?"

"तुझे पाय नाही दुखत?"

 तिने चपलेतून पाऊल काढलं आणि टाच दाबत राहिली.

मी गेले नाही. सही न केलेलं ते पत्र फाडलंही नाही. ते माझ्या पेटीत आहे. कधी कोणापुढे जीभ आपणहून 'सॉरी'कडे वळायला लागली की मी ते काढून वाचते. चार ओळी, सुंदर अक्षर.

माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांत कोणी म्हणालं की दुखतंय, तर मी 'दाखव' म्हणत नाही. आणि माझं दुखणं मी कोणाला उठून, बसून, हात न टेकवता दाखवणार नाही. कोणी 'बस' म्हटलं की मी आधी खुर्ची ओढते. खुर्ची नसेल तर उभी राहते. दुखलं तरी उभी राहते. खाली बसत नाही.